खोरं बंद दिसतं, पण त्याला दारं असतात

डोंगरांच्या कुशीतलं, आडबाजूचं एखादं खोरं. थंडीचे दिवस, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. पहाटे वरच्या उतारावरून तुम्ही तळाकडे उतरायला लागता. वर असताना एक स्वेटर पुरत होता. खाली जावं तसतशी ऊब वाढायला हवी, कारण उंचावर गार आणि पायथ्याशी उबदार, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण तळाच्या गवतात पाय टाकला आणि कानाच्या पाळ्या बधिर झाल्या. पात्यापात्यावर दव गोठलंय, बुटाखाली ते करकर वाजतंय, ओढ्यावरून वाफ निघतेय. मागे वळून पाहावं, तर अर्ध्या उतारावरच्या झाडांवर गोठलेल्या दवाचा मागमूस नाही.

दुसरं कोडं ओढ्याकाठच्या चिखलात असतं. जवळपास कुणी राहत नाही, तरी तिथे खुरांचे ठसे असतात, पाणमांजराच्या पसरट पंजाचे असतात, मांजरकुळातल्या कुठल्याशा प्राण्याचे गोल ठसे असतात. एक डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जावं, तर तसंच पाणी, तशीच झाडं, तितकीच शांतता आणि ठसे मात्र जवळपास नाहीतच.

मधूनमधून बातम्या येतात की कुठे धरण पाडलं, कुठे महामार्गावरून खास प्राण्यांसाठी पूल बांधला, कुठे लांडगे पुन्हा आणून सोडले. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, एवढा खटाटोप कशाला? जंगल आहे, प्राणी आहेत, त्यांना राहू द्या की सुखाने. या शंकेचं उत्तर खोऱ्याच्या ठेवणीत आहे. म्हणून आधी हवा, ऊन आणि जमीन यांच्याकडे पाहू. प्राणी त्यांच्या मागोमाग येतात.

## पाण्यासारखी उतरणारी हवा

रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन दिवसभरात साठवलेली उष्णता वर फेकत राहते आणि झपाट्याने गार होते. तिला चिकटून असलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. शून्य अंश तापमानाची एक घनमीटर हवा भरते साधारण १.२९ किलो, आणि १० अंशाची भरते १.२५ किलो. फरक अगदी थोडका, पण घसरायला तेवढा पुरतो. उतारावरची ही जड हवा घळीघळींतून, पाणी उतरावं तशी खाली उतरते आणि तळाशी साचते. खोऱ्यात अक्षरशः गार हवेचं तळं तयार होतं. पहाटे उतारावर उभं राहिलात तर पोटऱ्यांना तिचा ओघ जाणवतो.

एरवी वातावरणात एक किलोमीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. या तळ्यात नेमकं उलटं होतं, वर जावं तशी ऊब वाढते. याला 'तापमानाची विपरीतता' म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून पुढे मी नुसतं गार हवेचं तळंच म्हणेन. या तळ्याच्या काठाच्या थोडं वर, मधल्या उतारावर, उबदार पट्टा असतो. डोंगराळ मुलुखातली जुनी घरं आणि फळबागा तळ सोडून अशा मधल्या उतारावर का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे.

या तळ्याची ताकद किती असू शकते? ऑस्ट्रियात लुन्झ गावाजवळ ग्र्यूनलोख नावाचा चुनखडीचा खोलगट भाग आहे, जेमतेम १,२७० मीटर उंचीवर. तिथे १९३०च्या दशकात उणे ५२.६ अंश तापमान नोंदलं गेलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या पीटर सिंक्स या खोलगटात १ फेब्रुवारी १९८५ रोजी पारा उणे ५६.३ अंशांवर गेला. दोन्ही ठिकाणी एक विलक्षण दृश्य दिसतं. एरवी डोंगरावर एका उंचीच्या वर झाडं संपतात. इथे एका पातळीच्या खाली ती संपतात. कडेच्या उतारांवर सूचिपर्णी झाडं आहेत आणि तळ उघडाबोडका, नुसतं गवत. झाडांची रेषाच उलटी झालेली.

सूर्य वर आला की हे तळं मोडतं. उतार तापतात, त्यांना लागलेली हवा हलकी होऊन वर चढते. गिधाडं, गरुड सकाळी उशिरापर्यंत कड्यावर बसून राहतात ते याचसाठी. हवेचा हा जिना सुरू झाल्याशिवाय ते पंख उघडत नाहीत.

पण हिवाळ्यात कधीकधी तळं दिवसेंदिवस मोडतच नाही. वरची उबदार हवा झाकणासारखी बसून राहते आणि खालचा धूर बाहेर पडत नाही. बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या कारखान्यांनी भरलेल्या खोऱ्यात डिसेंबर १९३०मध्ये असंच झालं आणि काही दिवसांत साठहून अधिक माणसं मेली. अमेरिकेतल्या डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८मध्ये २० जण गेले. खोरं किती घट्ट बंद होऊ शकतं, हे हवेच्या बाबतीत तरी यावरून कळतं.

## एक खोरं, दोन ऋतू

खोऱ्याच्या दोन भिंतींना सारखं ऊन मिळत नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जास्त तापतो, दक्षिण गोलार्धात उलट. आल्प्समधल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांकडे या दोन उतारांना वेगळी नावंच आहेत, उन्हाचा तो 'आद्रे' आणि सावलीचा तो 'उबाक'.

नॉर्वेतलं रयूकान हे गाव इतक्या अरुंद आणि खोल खोऱ्यात आहे की सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत त्याच्या तळाशी सूर्यकिरण पोचतच नाही. २०१३मध्ये तिथे वरच्या डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा टाकतात. इटलीतल्या विगानेल्ला गावाने हीच युक्ती २००६मध्ये केली होती. आरशाने आणलेल्या त्या उन्हात माणसं हिवाळ्यात येऊन उभी राहतात. ऊन नसणं म्हणजे काय, हे हिशोबापेक्षा त्या चौकावरून लवकर समजतं.

प्राण्यांना आरसे बसवता येत नाहीत, ते जागा बदलतात. बर्फाच्या प्रदेशात उन्हाच्या उताराचं बर्फ आधी वितळतं, गवत आधी उघडं पडतं, किडेही आधी निघतात. हिवाळ्यात चरणारे प्राणी तिकडे सरकतात आणि उन्हाळ्यात ओलाव्यासाठी सावलीच्या बाजूला येतात. एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन ऋतू चालू असतील, तर थोड्या जागेत जास्त प्रकारचे जीव मावतात. खोऱ्याच्या समृद्धीचं पहिलं कारण हे.

## तळ सगळ्यांनाच हवा असतो

खोऱ्याचा आकार कुणी कोरला यावर बरंच काही ठरतं. नदी खाली खाली कापत जाते आणि व्ही आकाराचं अरुंद खोरं तयार होतं. हिमनदी मात्र तळ आणि बाजू दोन्ही घासते, म्हणून तिचं खोरं यू आकाराचं होतं, सपाट तळाचं आणि उभ्या भिंतींचं. बाजूने येणाऱ्या छोट्या हिमनद्यांना तितकं खोल कापता येत नाही. बर्फ गेलं की त्यांची खोरी मुख्य खोऱ्याच्या भिंतीवर उंच लटकत राहतात आणि त्यांच्या तोंडातून धबधबे पडतात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातला ब्रायडलव्हेल धबधबा असाच १८८ मीटर खाली येतो.

आकार कुठलाही असो, डोंगरावरून निघालेली माती शेवटी तळाशी येऊन थांबते. सुपीक माती, सपाटी, बारमाही पाणी, कमी बर्फ, सगळं तळाशी. त्यामुळे प्राण्यांना तळ हवा असतो आणि माणसालाही तोच हवा असतो. रस्ता, रेल्वे, शेती, गाव, सगळं तिथेच.

नकाशावर मोठ्ठा हिरवा डाग दिसला की आपल्याला हायसं वाटतं. पण जगभर असं दिसतं की संरक्षित म्हणून राखलेल्या जमिनीत उंच, खडकाळ, बर्फाळ भाग जास्त असतो, कारण तो कुणालाच नको होता. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचंच पाहा. तिथल्या खालच्या, सौम्य हवेच्या खोऱ्यांचा पट्टा उद्यानाच्या जेमतेम ३ टक्के आहे. एल्क नावाची मोठी हरणं, लांडगे, अस्वलं यांचा हिवाळ्यातला आणि वसंतातला सगळा भार त्या ३ टक्क्यांवर, आणि महामार्ग, रेल्वे, हॉटेलंही त्याच ३ टक्क्यांत. म्हणून राखीव क्षेत्र किती, एवढंच विचारणं मला अपुरं वाटतं. त्यात तळ किती, हे विचारायला हवं.

## लपून राहायची जागा

खोऱ्यांचं आणखी एक देणं आहे. बाहेरचं हवामान बदलत असताना काही खोल घळींत जुनं हवामान टिकून राहतं.

१९९४मध्ये ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, डेव्हिड नोबल हे उद्यान कर्मचारी दोरीने एका अरुंद घळीत उतरले. तिथे त्यांना ओळखता न येणारी झाडं दिसली. खोडाची साल बुडबुडे आल्यासारखी, पानं नेच्याच्या पानांसारखी रांगेत. ही वॉलेमाय पाइन. तिचे जवळचे नातेवाईक तोवर फक्त जीवाश्मांतून माहीत होते, काही तर नऊ कोटी वर्षांपूर्वीचे. नैसर्गिक स्थितीत तिची शंभराहून कमी मोठी झाडं उरली आहेत आणि ती या एका ओलसर, सावलीच्या, आगीपासून आडोशाला असलेल्या घळीपुरती आहेत. २०१९-२०च्या भीषण वणव्यात आग तिथवर आली, तेव्हा हेलिकॉप्टरमधून माणसं खाली उतरवून झाडांभोवती पाणी फिरवलं गेलं. ती वाचली.

त्या घळीचा पत्ता आजही जाहीर केलेला नाही. कारण अगदी साधं आहे. बुटाच्या तळव्याला चिकटून येणारा मातीतला रोग त्या झाडांच्या मुळांना मारू शकतो. म्हणजे काही दारं बंदच ठेवावी लागतात. हा अपवाद ध्यानात असू द्या, कारण पुढचा बहुतेक मजकूर दारं उघडी ठेवण्याबद्दल आहे.

## ओढ्यातला पक्षी

आता पुन्हा आपल्या गोठलेल्या गवताकडे येऊ आणि ओढ्याकाठी थांबू. पाणी वेगाने वाहतंय. मधल्या ओल्या दगडावर मुठीएवढा, गोलमटोल, आखूड शेपटीचा एक पक्षी उभा आहे आणि एकसारखा गुडघे वाकवून वरखाली होतोय. डोळा मिटला की पापणीवरची पांढरी पिसं चमकतात. मग तो सरळ पाण्यात चालत जातो. पाणी पायावर, पोटावर, डोक्यावरून जातं. तो पाण्याखाली पंख मारत, तळाचे दगड धरत पुढे सरकतो, दगडाखालून काहीतरी ओढतो आणि दहापंधरा सेकंदांनी बुचासारखा वर येतो. अंग कोरडंच.

हा डिपर. जगात याच्या पाच जाती आहेत, युरोप-आशियात दोन, उत्तर अमेरिकेत एक, दक्षिण अमेरिकेत दोन. गाणाऱ्या पक्ष्यांच्या घराण्यात खऱ्या अर्थाने पाण्यात उतरून पोट भरणारे हेच. ऐन थंडीत, बाकीचे पक्षी गप्प असताना हा गातो, आणि ओढ्याच्या आवाजावर ताण करेल एवढ्या मोठ्याने गातो.

हा ओढ्यात काय खातो? पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या. अळ्या काय खातात? बऱ्याचशा अळ्या काठच्या झाडांची पाण्यात पडून कुजलेली पानं कुरतडतात. म्हणजे उतारावरच्या झाडाचं पान ओढ्यात पडतं, अळी होतं, अळीचा पक्षी होतो. उताराला, पाण्याला आणि पिसांना जोडणारी ही साखळी जवळजवळ उघड्या डोळ्यांनी दिसते. त्यामुळेच डिपर हा ओढ्याच्या तब्येतीचा चांगला खबऱ्या आहे. वेल्समध्ये आम्ल पावसाने ओढे आंबले, अळ्या घटल्या, आणि जिथे पाणी आम्लधर्मी झालं तिथून डिपर नाहीसे झाले. ओढ्याचं पाणी दिसायला तेव्हाही नितळच होतं. खोऱ्यात त्या वेळी एकही कारखाना असायची गरज नव्हती, आम्ल ढगांतून आलं होतं.

इथे मला जे सांगायचंय त्याचा गाभा आहे. खोऱ्याच्या कडा उंच असतात म्हणून ते बंद डब्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्याला दारं असतात. माथ्यावरच्या खिंडी हे दार, नदीचं तोंड हे दार, आकाश हेही दार. एकाकीपणामुळे खोऱ्यात जीव गोळा होतात, पण ते टिकतात या दारांतून चालणाऱ्या ये-जेवर. शेजारच्या खोऱ्यात ठसे का नव्हते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या खोऱ्याच्या आत नसतंच. ते कुठल्यातरी बुजलेल्या दारापाशी असतं.

## "मग माणसाला मज्जाव करा, खोरं आपोआप जपलं जाईल"

हा सगळ्यात पहिला आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. शिकार, आग, वृक्षतोड थांबली की पुष्कळ काही सुधारतं. पण नुसतं कुलूप पुरत नाही.

टांझानियातलं न्गोरोन्गोरो पाहा. काटेकोर बोलायचं तर ते खोरं नव्हे, खचलेल्या ज्वालामुखीचं मुख आहे. पण बंद वाडग्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. सुमारे २६० चौरस किलोमीटरचा सपाट तळ आणि भोवती ६०० मीटर उंच भिंत. गवत मुबलक, शिकार मुबलक, सिंहांची चंगळ. १९६२मध्ये अतिवृष्टीनंतर चावऱ्या माश्यांचा उपद्रव झाला आणि तळावरच्या सिंहांची संख्या दहाच्या आसपास आली. नंतर आकडा पुन्हा वाढला, कारण खायला कमी नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं छान दिसत होतं. पण पुढचे जवळपास सगळे सिंह त्या मूठभरांची आणि नंतर आत आलेल्या थोड्या नरांची प्रजा होते. भोवतीच्या भिंतीमुळे आणि आतल्या बलदंड टोळ्यांमुळे नवं रक्त जवळजवळ आलंच नाही. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा जनुकांतलं वैविध्य घटलेलं आणि नरांच्या शुक्राणूंत दोष वाढलेले आढळले. जवळच्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रजनन होत राहणं, म्हणजे अंतःप्रजनन, हे असं मुकाट्याने पोखरतं. संख्या वाढत असतानाही.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, उत्तराखंडातलं पुष्पदरीचं, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं. १९३१मध्ये कामेत शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथी या खोऱ्यात उतरले आणि ते जगाला माहीत झालं. १९८२मध्ये ८७.५ चौरस किलोमीटरचं हे खोरं राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची पुरुषभर वाढणारी वनस्पती पसरत गेली आणि तिच्या सावलीत लहान फुलझाडं दबली. ती चराई थांबल्यामुळे पसरली, की दरडींनी उघड्या पडलेल्या जमिनीमुळे आणि मेंढपाळांच्या जुन्या तळांवर साचलेल्या खतामुळे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. उद्यानाची माणसं मात्र दरवर्षी ती उपटत बसतात. माझं मत विचाराल तर चराई सरसकट परत आणावी असं मला वाटत नाही. पण जिथे शतकानुशतकं कळप येत होते, तिथे कळप थांबवणं हासुद्धा एक मोठा हस्तक्षेप आहे, हे मान्य करायला हवं.

## "प्राणी आपली वाट काढतातच की"

काढतात. पण वाट काढताना मरतातही, आणि काही जाती प्रयत्नच सोडून देतात.

बॅन्फच्या त्या ३ टक्क्यांतून, बो नदीच्या खोऱ्यातून, कॅनडाचा देश ओलांडणारा महामार्ग जातो. तो चौपदरी होत गेला तसं १९८०च्या दशकापासून दोन्ही बाजूंना कुंपण घालून खाली बोगदे आणि वर झाडी लावलेले रुंद पूल बांधत गेले. आज असे ६ पूल आणि ३८ भुयारी मार्ग आहेत. प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या.

सुरुवातीला टीका खूप झाली. बांधून काही वर्षं लोटली तरी ग्रिझली अस्वलं पुलावर फिरकत नव्हती. हरणं आणि एल्क लवकर शिकले, पण लांडगे आणि ग्रिझलींना रुळायला पाच वर्षांपर्यंत वेळ लागला. आधी एखादं धाडसी जनावर जातं, मग मादी पिल्लांना घेऊन जाते, आणि ती पिल्लं पुढे ही वाट जन्मजात असल्यासारखी वापरतात. प्रत्येक जातीची आवडही निराळी. ग्रिझली, लांडगे, एल्क यांना मोकळे रुंद पूल पसंत, तर प्युमा या मांजरकुळातल्या शिकाऱ्यांना आणि काळ्या अस्वलांना अरुंद अंधारे बोगदे. एकाच मापाचं दार सगळ्यांना चालत नाही. दोन वर्षांत निकाल मागणाऱ्या कुठल्याही अहवालाने हे पूल अपयशी ठरवले असते.

अशा जोडवाटांना वन्यजीव क्षेत्रातली माणसं भ्रमणमार्ग म्हणतात. भ्रमणमार्ग म्हणजे प्राण्यांनी राहायची जागा नव्हे. तो घरातला बोळ आहे. बोळात कुणी राहत नाही म्हणून तो रिकामा आहे असं समजून बुजवला, तर दोन खोल्यांची दोन वेगळी घरं होतात.

## "एक मोठा शिकारी आणून सोडला की झालं"

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. १९२६पर्यंत तिथले लांडगे मारून संपवले. १९९५मध्ये कॅनडातून १४ लांडगे आणून लमार खोऱ्यात आणि आसपास सोडले, पुढच्या वर्षी आणखी १७. एल्कांची संख्या घटली, काही ओढ्यांच्या काठी वाळुंजाची झाडं पुन्हा उंच झाली. मग जगभर सांगितलं गेलं की लांडग्यांनी नद्यांचं वळणसुद्धा बदललं.

गोष्ट सुंदर आहे, पण अर्धीच खरी. लांडगे नसताना एल्कांनी वाळुंज खाल्ले, वाळुंज गेले म्हणून ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले, बीव्हरांचे बांध फुटले आणि ओढ्यांनी आपलं पात्र खोल कापलं. पाण्याची पातळी इतकी खाली गेली की आता मुळांना ती सापडत नाही. अशा काठांवर लांडगे येऊन वीस वर्षं झाली तरी वाळुंज खुरटेच राहिले. एल्क घटण्यात अस्वलांचा, प्युमांचा आणि माणसाने केलेल्या शिकारीचाही वाटा होता. लांडगे परत आणले ते योग्यच होतं, यात मला शंका नाही. पण तुटलेल्या साखळीचा एक दुवा परत आणला म्हणून मधले दुवे आपोआप जुळत नाहीत. ओढ्याने कापलेली जमीन लांडगा भरून काढू शकत नाही.

## "हवामानच बदलतंय, आता कितीही करा, उशीर झालाय"

तापमान वाढलं की जाती वर सरकतात. माथ्यावर राहणाऱ्यांना त्याहून वर जागाच नसते, हे खरं आहे. पण सुरुवातीला पाहिलेलं गार हवेचं तळं इथे उपयोगी पडतं. जिथे गार हवा साचते ते खोलगट भाग आणि जिथे ऊन पोचत नाही त्या घळी आजूबाजूपेक्षा सावकाश तापू शकतात. गारव्याची सवय असलेल्या जीवांना ते काही काळाचे आश्रय ठरू शकतात. अर्थात त्यांना तिथवर पोचता आलं तर. म्हणजे पुन्हा दारंच.

आणि उशीर झालाय का, यावर माझं उत्तर एल्वा आहे.

एल्वा ही अमेरिकेच्या वायव्य टोकाची सुमारे ७२ किलोमीटर लांबीची नदी. ऑलिम्पिक पर्वतात उगम, थोड्याच अंतरावर समुद्र. तिच्या खोऱ्याचा बहुतेक भाग १९३८पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. दाट जंगल, नितळ पाणी, वस्ती नाही. याहून एकांत आणि संरक्षित खोरं शोधून सापडणं कठीण. पण त्याआधीच, १९१३मध्ये, समुद्रापासून आठेक किलोमीटरवर एका अरुंद जागी धरण झालं होतं, आणि १९२७मध्ये त्याच्या वर दुसरं. मासे वर चढतील अशी सोय दोन्हींत ठेवली नव्हती.

सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो, तिथे खाऊन मोठा होतो आणि काही वर्षांनी अंडी घालायला पुन्हा नदी चढून येतो. अंडी घातली की पॅसिफिक सॅमनच्या बहुतेक जातींचे मासे मरतात. प्रत्येक मासा म्हणजे समुद्राने डोंगराला पाठवलेली पोषणाची पिशवी. अस्वलं तो ओढून झाडीत नेतात, अर्धा खातात, उरलेला जमिनीत मुरतो. समुद्रातून आलेल्या नायट्रोजनमध्ये जड अणूंचं प्रमाण जास्त असतं, ही त्याची ओळखखूण, आणि सॅमनच्या नद्यांकाठी ती झाडांच्या लाकडातसुद्धा सापडते. एल्वाच्या खोऱ्यात ही रसद जवळपास शंभर वर्षं बंद होती. आत सगळं जपलं होतं, दार मात्र कुणी उघडलं नव्हतं. नदीकाठचे मूळ रहिवासी, क्लॅलम लोक, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते, त्यांचं सगळं जगणंच त्या माशांवर होतं.

१९९२मध्ये कायदा झाला. सप्टेंबर २०११मध्ये पाडकाम सुरू झालं आणि ऑगस्ट २०१४मध्ये दुसऱ्या धरणाचा शेवटचा भाग गेला. मागे अडकलेला गाळ होता २ कोटी घनमीटरांहून जास्त. नदी काही काळ चॉकलेटी झाली. मुखाशी, जिथे किनारा वर्षानुवर्षं झिजत होता, तिथे वाळूचा नवा पट्टा तयार झाला. वरचं धरण अजून पुरतं पडायचं होतं, तोच २०१२मध्ये खालच्या पडलेल्या धरणाच्या वरच्या अंगाला सॅमन दिसले. शंभर वर्षांत त्यांच्या कुठल्याच पिढीने ते पाणी पाहिलेलं नव्हतं. २०२३मध्ये क्लॅलम लोकांनी या नदीत पुन्हा, मर्यादित प्रमाणात का होईना, सॅमन धरले.

आणि डिपर? तो तिथेही आहे, उत्तर अमेरिकेतला, अंगभर राखाडी. अभ्यासकांनी सॅमन पोचणाऱ्या आणि न पोचणाऱ्या ओढ्यांवरचे डिपर पकडून तपासले. जिथे सॅमन येतात तिथल्या पक्ष्यांच्या रक्तात समुद्राची ती खूण होती, कारण ते सॅमनची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं खात होते. त्या माद्यांची प्रकृती चांगली होती, त्या एका हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालायची शक्यता कितीतरी जास्त होती, आणि हिवाळ्यात ओढा सोडून जाण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येत होती. समुद्र कधीही न पाहिलेला पक्षी, ओल्या दगडावर गुडघे वाकवत उभा असतो आणि त्याच्या अंगात समुद्र असतो.